अजिंक्य रहाणे

अजिंक्य मधुकर रहाणे (जन्म : ६ जून १९८८, आश्वी खुर्द, तालुका संगमनेर, जिल्हा अहमदनगर, आताचे अहिल्यानगर) हे भारताचे आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळाडू आणि भारतीय कसोटी संघाचे माजी उपकर्णधार आहेत. ते उजव्या हाताने फलंदाजी करतात. कसोटी क्रिकेटमध्ये त्यांनी मधल्या फळीत, मुख्यतः पाचव्या क्रमांकावर फलंदाजी केली. मर्यादित षटकांच्या सामन्यांत ते बहुधा सलामीला खेळले. स्लिप आणि गली या जागांवरील उत्तम क्षेत्ररक्षक म्हणूनही त्यांची ख्याती आहे. त्यांचे बालपण व शालेय शिक्षण ठाणे जिल्ह्यातील डोंबिवली येथे झाले.

रहाणे यांनी २०१३ ते २०२३ या काळात ८५ कसोटी सामने खेळून १२ शतकांसह ५,०७७ धावा केल्या. सहा कसोटी सामन्यांत त्यांनी भारताचे नेतृत्व केले. त्यांपैकी चार सामने भारताने जिंकले आणि दोन अनिर्णित राहिले. ॲडलेड येथे भारताचा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपल्यानंतर २०२०-२१ ची ऑस्ट्रेलियातील मालिका त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने २-१ अशी जिंकली. ही घटना त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाची मानली जाते.

पार्श्वभूमी आणि बालपण

रहाणे कुटुंब मूळचे संगमनेर तालुक्यातील. अजिंक्य यांचे बालपण मात्र डोंबिवलीत गेले. मध्य रेल्वेच्या मार्गावरील हे शहर कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत मोडते. येथील नोकरदार वस्ती रोजच्या कामासाठी लोकलने मुंबईला ये-जा करते. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनाही हाच प्रवास करावा लागे. कारण मुंबईच्या शालेय व क्लब क्रिकेटची प्रमुख मैदाने, म्हणजे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि दादरचे शिवाजी पार्क, सर्व दक्षिण व मध्य मुंबईत आहेत. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर आहे.

सात वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना डोंबिवलीतील एका लहानशा प्रशिक्षण शिबिरात दाखल केले. तेथे मॅटिंगच्या, म्हणजे काथ्याची चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर सराव चाले. घरची परिस्थिती बेताची होती. आई एका हातात क्रिकेटची बॅग आणि दुसऱ्या हातावर धाकट्या भावाला घेऊन आपल्याला सरावासाठी कित्येक किलोमीटर चालत नेत असे, कारण रोज रिक्षाने जाणे परवडणारे नव्हते, असे रहाणे यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. लोकलने एकट्याने प्रवास सुरू केला तेव्हा मुलगा नीट पोहोचतो की नाही हे पाहण्यासाठी वडील त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यातून येत असत आणि ही गोष्ट आपल्याला फार उशिरा कळली, ही आठवणही त्यांनी सांगितली आहे.

त्यांचे माध्यमिक शिक्षण डोंबिवलीच्या स. वा. जोशी विद्यालयात झाले. शालेय वयातच त्यांनी कराटेचे शिक्षण घेऊन ‘ब्लॅक बेल्ट’ मिळवला. सतराव्या वर्षापासून त्यांना माजी कसोटीपटू प्रवीण अमरे यांचे मार्गदर्शन लाभले. अमरे हे रमाकांत आचरेकर यांचे शिष्य असून १९९२ मध्ये डर्बन येथे कसोटी पदार्पणातच त्यांनी शतक झळकावले होते. अशा रीतीने डोंबिवलीच्या या मुलाचे नाते मुंबईच्या फलंदाजीच्या जुन्या परंपरेशी जोडले गेले.

महाराष्ट्र राज्यातून रणजी करंडक स्पर्धेत मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात. ठाणे जिल्ह्यातील उपनगरी पट्टा क्रिकेटच्या दृष्टीने मुंबईशी जोडलेला असल्याने रहाणे यांची वाटचाल मुंबई संघाकडे झाली.

देशांतर्गत क्रिकेट

२००७ च्या आरंभी रहाणे १९ वर्षांखालील भारतीय संघातून न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेले. विराट कोहली व ईशांत शर्मा हे या संघातील त्यांचे सहकारी होते. सप्टेंबर २००७ मध्ये कराची येथे मोहम्मद निसार करंडकाच्या सामन्यात त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. भारत आणि पाकिस्तान यांच्या देशांतर्गत विजेत्यांमध्ये खेळल्या जाणाऱ्या या सामन्यात कराची अर्बन संघाविरुद्ध त्यांनी सलामीला १४३ धावा केल्या. त्यांचे सलामीचे जोडीदार साहिल कुकरेजा यांनीही शतक काढले.

२००८-०९ च्या रणजी हंगामात रहाणे यांनी १,०८९ धावा केल्या. मुंबईने त्या वर्षी आपले ३८ वे विजेतेपद मिळवले. पुढील हंगामांतही त्यांच्या धावांचा ओघ कायम राहिला. नाबाद २६५ ही प्रथम श्रेणी क्रिकेटमधील त्यांची सर्वोच्च धावसंख्या आहे. तरीही कसोटी संघाचे दार लवकर उघडले नाही. त्या काळी भारताच्या मधल्या फळीत राहुल द्रविड, सचिन तेंडुलकर आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मण हे तिघे ठाण मांडून होते, तर सलामीला वीरेंद्र सेहवाग व गौतम गंभीर होते.

आंतरराष्ट्रीय पदार्पण आणि प्रतीक्षा

३१ ऑगस्ट २०११ रोजी मँचेस्टर येथे इंग्लंडविरुद्ध ट्वेंटी-२० सामन्यात रहाणे यांनी आंतरराष्ट्रीय पदार्पण केले आणि ३९ चेंडूंत ६१ धावा काढल्या. राहुल द्रविड यांचाही हा पहिला, आणि एकमेव, आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० सामना होता. तीन दिवसांनी चेस्टर-ली-स्ट्रीट येथे रहाणे यांनी एकदिवसीय पदार्पणात ४० धावा केल्या.

नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांचा कसोटी संघात समावेश झाला. परंतु अंतिम अकरा खेळाडूंत स्थान मिळण्यासाठी त्यांना सुमारे सोळा महिने थांबावे लागले. या काळात ते राखीव खेळाडू म्हणून संघाबरोबर राहिले. अखेर शिखर धवन दुखापतग्रस्त झाल्यामुळे २२ मार्च २०१३ रोजी दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांना कसोटी पदार्पणाची संधी मिळाली. या सामन्यात त्यांना ७ आणि १ अशा धावाच करता आल्या. पदार्पण अपयशी ठरल्यामुळे त्यांच्यासाठी पुढचा परदेश दौरा निर्णायक ठरणार होता.

कसोटी कारकीर्द : परदेशातील यश

डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात डर्बन कसोटीत रहाणे यांनी नाबाद ५१ आणि ९६ धावा केल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टन येथे न्यूझीलंडविरुद्ध ११८ धावा काढून त्यांनी पहिले कसोटी शतक पूर्ण केले. ब्रेंडन मॅक्युलम यांच्या त्रिशतकामुळे तो सामना अनिर्णित राहिला.

जुलै २०१४ मधील लॉर्ड्सची खेळी त्यांच्या सर्वोत्तम खेळींपैकी एक समजली जाते. खेळपट्टीवर भरपूर गवत होते आणि पहिल्याच दिवशी भारताची अवस्था ७ बाद १४५ अशी झाली होती. रहाणे यांनी भुवनेश्वर कुमार यांच्यासह आठव्या गड्यासाठी ९० धावांची भागीदारी केली आणि स्वतः १०३ धावा काढल्या. भारताची धावसंख्या २९५ पर्यंत पोहोचली. दुसऱ्या डावात ईशांत शर्मा यांनी ७४ धावांत सात बळी घेतले आणि भारताने ९५ धावांनी विजय मिळवला. १९८६ मध्ये दिलीप वेंगसरकर यांच्या शतकाच्या बळावर मिळवलेल्या विजयानंतर लॉर्ड्सवर भारताचा हा पहिलाच विजय होता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेलबर्न येथे त्यांनी १४७ धावा केल्या. कोहली यांच्यासह त्यांनी चौथ्या गड्यासाठी २६२ धावांची भागीदारी रचली. ऑगस्ट २०१५ मध्ये गॉल येथे श्रीलंकेविरुद्धच्या कसोटीत रहाणे यांनी आठ झेल घेतले. यष्टीरक्षक नसलेल्या खेळाडूने एका कसोटीत घेतलेल्या सात झेलांचा जुना विक्रम त्यांनी मागे टाकला. १९७७ मध्ये या विक्रमाची बरोबरी करणाऱ्या यजुर्वेंद्र सिंग यांचे नावही महाराष्ट्राच्या रणजी संघाशी जोडलेले आहे. पुढच्याच कोलंबो कसोटीत रहाणे यांनी दुसऱ्या डावात १२६ धावा करून भारताच्या विजयाला हातभार लावला.

मायदेशातील पहिले कसोटी शतक त्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध काढले. या सामन्यात त्यांनी १२७ आणि नाबाद १०० अशा धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारे ते विजय हजारे, सुनील गावसकर, राहुल द्रविड आणि विराट कोहली यांच्यानंतरचे पाचवे भारतीय ठरले. पदार्पणात ज्या मैदानावर त्यांना अपयश आले होते, तेच हे मैदान होय. ऑक्टोबर २०१६ मध्ये इंदूर येथे न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी १८८ ही आपली सर्वोच्च कसोटी धावसंख्या नोंदवली. त्या डावात कोहली (२११) आणि रहाणे यांनी चौथ्या गड्यासाठी ३६५ धावांची भागीदारी करून भारतासाठी नवा विक्रम केला.

रहाणे यांच्या बारा कसोटी शतकांपैकी आठ परदेशात झाली. त्यांनी शतक काढलेला एकही कसोटी सामना भारत हरलेला नाही. दिल्लीची दोन शतके धरून नऊ शतके विजयाच्या सामन्यांत आणि तीन अनिर्णित सामन्यांत झाली.

मात्र मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर त्यांना एकही कसोटी खेळता आली नाही. सुरुवातीच्या वर्षांत ते संघात असूनही अंतिम अकरांत नव्हते. २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीपूर्वी बोटाला, तर २०२१ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीपूर्वी मांडीच्या स्नायूला झालेल्या दुखापतीमुळे त्यांना संघाबाहेर बसावे लागले.

मर्यादित षटकांचे क्रिकेट

एकदिवसीय सामन्यांतील पहिले शतक (१०६) त्यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये बर्मिंगहॅम येथे इंग्लंडविरुद्ध केले. २०१५ च्या विश्वचषक स्पर्धेत मेलबर्न येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यांनी ६० चेंडूंत ७९ धावा काढल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये झिंबाब्वेच्या दौऱ्यावर त्यांनी प्रथमच भारताचे नेतृत्व केले. एकदिवसीय मालिका भारताने ३-० अशी जिंकली आणि ट्वेंटी-२० मालिका १-१ अशी बरोबरीत सुटली. २०१७ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पाच सामन्यांत ३३६ धावा करून ते मालिकेचे मानकरी ठरले.

असे असले तरी या प्रकारात त्यांचे स्थान कधीच पक्के झाले नाही. रोहित शर्मा आणि शिखर धवन यांची जोडी सलामीला स्थिरावली होती, तर मधल्या फळीत संघ अधिक वेगाने धावा करणारे फलंदाज शोधत होता. फेब्रुवारी २०१८ नंतर रहाणे भारताकडून एकदिवसीय सामना खेळले नाहीत.

कसोटी कर्णधारपद

मार्च २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका १-१ अशा बरोबरीत असताना खांद्याच्या दुखापतीमुळे कोहली शेवटच्या कसोटीत खेळू शकले नाहीत. धरमशाला येथील त्या सामन्यात रहाणे यांनी भारताचे नेतृत्व केले. कोहली यांच्या जागी आणखी एक फलंदाज न घेता कुलदीप यादव या नवोदित फिरकीपटूला पदार्पणाची संधी देण्यात आली. कुलदीप यांनी पहिल्या डावात चार बळी घेतले, भारत आठ गडी राखून विजयी झाला आणि मालिकाही भारताने जिंकली.

जून २०१८ मध्ये बंगळूर येथे अफगाणिस्तानने आपला पहिला कसोटी सामना खेळला. तो रहाणे यांच्या संघाने दोन दिवसांत एक डाव आणि २६२ धावांनी जिंकला. करंडक स्वीकारल्यानंतर रहाणे यांनी छायाचित्रासाठी अफगाण खेळाडूंनाही बोलावून घेतले.

ऑस्ट्रेलिया दौरा, २०२०-२१

१९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेड कसोटीच्या दुसऱ्या डावात भारताचा संघ ३६ धावांत गारद झाला. कसोटी इतिहासातील भारताची ही नीचांकी धावसंख्या होय. याच सामन्याच्या पहिल्या डावात कोहली ७४ धावांवर असताना रहाणे यांच्याशी धाव घेण्याबाबत गैरसमज होऊन धावचीत झाले आणि त्यानंतर डाव कोसळला. या सामन्यानंतर कोहली अपत्यजन्मासाठी मायदेशी परतले. मोहम्मद शमी दुखापतीमुळे मालिकेबाहेर गेले. उरलेल्या तीन कसोटींची धुरा रहाणे यांच्याकडे आली. भारत ४-० असा हरेल, असे भाकीत तेव्हा अनेक जाणकारांनी केले होते.

मेलबर्नची कसोटी २६ डिसेंबरला सुरू झाली. संघात चार बदल झाले. शुभमन गिल आणि मोहम्मद सिराज यांनी पदार्पण केले. ऑस्ट्रेलियाने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. रहाणे यांनी पहिल्या तासातच फिरकीपटू रविचंद्रन अश्विन यांच्या हाती चेंडू सोपवला. स्टीव्हन स्मिथ भोपळाही न फोडता अश्विन यांच्या चेंडूवर लेग-गलीत पुजारांकडे झेल देऊन बाद झाले. ऑस्ट्रेलियाचा डाव १९५ धावांत संपला. भारताची अवस्था २ बाद ६१ असताना रहाणे फलंदाजीस आले आणि लगेच ती ३ बाद ६४ झाली. २२३ चेंडूंत ११२ धावा करून त्यांनी डाव सावरला. रवींद्र जडेजा यांच्यासह त्यांनी सहाव्या गड्यासाठी १२१ धावा जोडल्या. जडेजा अर्धशतकाच्या उंबरठ्यावर असताना घेतलेल्या धावेत रहाणे धावचीत झाले, तेव्हा त्यांनी जडेजांना धीर देत शांतपणे मैदान सोडले. ॲडलेडच्या प्रसंगानंतर थोड्याच दिवसांत घडलेल्या या वर्तनाची विशेष दखल घेतली गेली. भारताने सामना आठ गडी राखून जिंकला. सामन्याच्या मानकऱ्यासाठी त्या वर्षीपासून सुरू झालेले ‘मुल्लाग पदक’ रहाणे यांना पहिल्यांदा मिळाले. १८६८ मध्ये इंग्लंडचा दौरा करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील आदिवासी संघाचे अग्रगण्य खेळाडू जॉनी मुल्लाग यांच्या स्मरणार्थ हे पदक दिले जाते.

सिडनी कसोटीत प्रेक्षकांमधून सिराज यांच्यावर वर्णद्वेषी शेरेबाजी झाल्याची तक्रार रहाणे यांनी पंचांकडे केली. खेळ काही मिनिटे थांबला आणि सहा प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. मैदान सोडण्याचा पर्याय भारतीय संघापुढे होता. परंतु खेळत राहण्याचा निर्णय संघाने घेतला. शेवटच्या दिवशी ऋषभ पंत (९७) आणि चेतेश्वर पुजारा (७७) बाद झाल्यानंतर मांडीच्या दुखापतीने जायबंदी झालेले हनुमा विहारी आणि पाठदुखीने त्रस्त अश्विन यांनी तासन्‌तास किल्ला लढवून सामना अनिर्णित राखला.

ब्रिस्बेनच्या शेवटच्या कसोटीपर्यंत बुमराह, अश्विन, जडेजा आणि विहारी हे सर्व दुखापतींमुळे संघाबाहेर गेले होते. भारताच्या गोलंदाजीची मदार सिराज, नवदीप सैनी, शार्दूल ठाकूर आणि याच सामन्यात पदार्पण करणारे टी. नटराजन व वॉशिंग्टन सुंदर या अननुभवी पाच जणांवर होती. पहिल्या डावात भारत अडचणीत असताना ठाकूर (६७) आणि सुंदर (६२) यांनी सातव्या गड्यासाठी १२३ धावांची भागीदारी केली. ठाकूर हे पालघरचे. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, तोवर तो ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. शेवटच्या डावात ३२८ धावांचे लक्ष्य भारताने गिल (९१), पुजारा (५६) आणि पंत (नाबाद ८९) यांच्या खेळींमुळे तीन गडी राखून गाठले. १९८८ नंतर ऑस्ट्रेलियाचा संघ या मैदानावर प्रथमच पराभूत झाला.

बक्षीस समारंभात रहाणे यांनी शंभरावी कसोटी खेळलेले ऑस्ट्रेलियाचे नेथन लायन यांना भारतीय खेळाडूंच्या स्वाक्षऱ्यांची जर्सी भेट दिली आणि करंडक प्रथम नटराजन यांच्या हाती दिला. मायदेशी परतल्यावर स्वागताच्या वेळी आणलेला, कांगारूची प्रतिकृती असलेला केक त्यांनी कापला नाही. कांगारू हा ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय प्राणी असून प्रतिस्पर्ध्याचा आदर राखला पाहिजे, असे कारण त्यांनी नंतर दिले. परदेशातील यशस्वी मराठी कर्णधार म्हणून १९७१ च्या अजित वाडेकर यांच्याबरोबर आता रहाणे यांचेही नाव घेतले जाते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये कानपूर येथे न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी शेवटच्या वेळी कसोटीत नेतृत्व केले. न्यूझीलंडच्या शेवटच्या जोडीने तग धरल्यामुळे हा सामना अनिर्णित राहिला.

उतार आणि पुनरागमन

रहाणे यांच्या फलंदाजीतील सातत्याविषयी २०१७ पासूनच चर्चा सुरू झाली होती. जानेवारी २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पहिल्या दोन कसोटींसाठी उपकर्णधार असूनही त्यांना वगळण्यात आले. तिसऱ्या कसोटीत जोहान्सबर्गच्या अवघड खेळपट्टीवर त्यांनी दुसऱ्या डावात ४८ धावा केल्या आणि भारताने तो सामना जिंकला. २०१९ मध्ये अँटिग्वा (१०२) आणि रांची (११५) येथे त्यांनी शतके केली. परंतु मेलबर्ननंतर त्यांना कसोटी शतक काढता आले नाही. २०२१ मध्ये १३ कसोटींत त्यांनी ४७९ धावा केल्या. त्यांची सरासरी २१ पेक्षा कमी राहिली. ज्या वर्षाच्या प्रारंभी त्यांनी ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून दिली, त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे उपकर्णधारपद गेले आणि २०२२ च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यानंतर त्यांना संघातून वगळण्यात आले.

रहाणे पुन्हा रणजी क्रिकेटकडे वळले. २०२२-२३ च्या हंगामात त्यांनी हैदराबादविरुद्धच्या द्विशतकासह ६३४ धावा केल्या. २०२३ च्या आयपीएलमध्ये चेन्नई सुपर किंग्जने त्यांना ५० लाख रुपयांच्या मूळ किमतीला घेतले होते. संथ फलंदाज अशी प्रतिमा असलेल्या रहाणे यांनी त्या स्पर्धेत दर शंभर चेंडूंमागे १७२ हून अधिक धावा या वेगाने ३२६ धावा केल्या. वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्ध २७ चेंडूंत ६१ आणि कोलकात्यात २९ चेंडूंत नाबाद ७१ या त्यांच्या उल्लेखनीय खेळी होत. चेन्नईने ती स्पर्धा जिंकली.

जून २०२३ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या जागतिक कसोटी अजिंक्यपद अंतिम सामन्यासाठी त्यांची निवड झाली. भारताने हा सामना गमावला. परंतु ८९ आणि ४६ धावा करून रहाणे भारताचे सर्वांत यशस्वी फलंदाज ठरले. याच सामन्यात त्यांनी ५,००० कसोटी धावांचा टप्पा ओलांडला. त्यानंतरच्या वेस्ट इंडीज दौऱ्यात उपकर्णधारपद पुन्हा त्यांच्याकडे आले, मात्र त्यांना मोठी धावसंख्या करता आली नाही. जुलै २०२३ मधील पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी हा त्यांचा ८५ वा कसोटी सामना होता.

मुंबईचे कर्णधारपद

सप्टेंबर २०२२ मध्ये दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात रहाणे पश्चिम विभागाचे कर्णधार होते. प्रतिस्पर्धी फलंदाजाला वारंवार डिवचल्याबद्दल पंचांनी समज दिल्यानंतरही प्रकार न थांबल्याने त्यांनी आपल्याच संघातील यशस्वी जयस्वाल यांना काही काळ मैदानाबाहेर पाठवले. सामना पश्चिम विभागाने जिंकला.

२०२३-२४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने ४२ वे रणजी विजेतेपद मिळवले. हंगामभर त्यांना स्वतःला धावांसाठी झगडावे लागले होते. परंतु मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी दुसऱ्या डावात ७३ धावा केल्या. त्यानंतर लखनौ येथे मुंबईने २७ वर्षांनी इराणी करंडक जिंकला. त्या सामन्यात रहाणे यांनी ९७ धावा केल्या. २०२४-२५ च्या सय्यद मुश्ताक अली ट्वेंटी-२० स्पर्धेत श्रेयस अय्यर यांच्या नेतृत्वाखाली मुंबई विजयी झाली आणि ४६९ धावांसह रहाणे स्पर्धेचे मानकरी ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी मुंबईचे कर्णधारपद सोडले. खेळाडू म्हणून आपण खेळत राहू, असे त्यांनी जाहीर केले. त्यांच्यानंतर ही जबाबदारी शार्दूल ठाकूर यांच्याकडे आली.

आयपीएल आणि कौंटी क्रिकेट

आयपीएलमध्ये रहाणे मुंबई इंडियन्स, राजस्थान रॉयल्स, रायझिंग पुणे सुपरजायंट, दिल्ली कॅपिटल्स, कोलकाता नाईट रायडर्स आणि चेन्नई सुपर किंग्ज या संघांकडून खेळले. २०१२ मध्ये राजस्थानकडून त्यांनी ५६० धावा केल्या. त्यांत बंगळूरविरुद्धच्या नाबाद १०३ धावांचा समावेश होता. त्या खेळीत त्यांनी एका षटकात सहा चौकार मारले. २०१८ मध्ये त्यांनी राजस्थानचे आणि २०२५ मध्ये कोलकात्याचे नेतृत्व केले. इंग्लंडमध्ये ते २०१९ मध्ये हॅम्पशायर आणि २०२४ मध्ये लेस्टरशायर या कौंटींकडून खेळले. हॅम्पशायरकडून पहिल्याच सामन्यात त्यांनी शतक केले.

खेळाची शैली आणि मूल्यमापन

सरळ बॅटने खेळणे, पुढच्या पायावरील कव्हर ड्राइव्ह आणि उसळत्या चेंडूवरील पुलचा फटका ही रहाणे यांच्या फलंदाजीची वैशिष्ट्ये होत. चेंडू स्विंग होत असताना किंवा उसळत असताना ते अधिक प्रभावी ठरले. संथ खेळपट्टीवर फिरकीपुढे मात्र त्यांना अनेकदा अडचण आली. मायदेशापेक्षा परदेशात त्यांची शतके अधिक असण्यामागे हेही एक कारण आहे. एकूण कसोटी सरासरी ३८.४६ असल्यामुळे त्यांची गणना भारताच्या सर्वश्रेष्ठ फलंदाजांत होत नाही. मात्र लॉर्ड्स, दिल्ली आणि मेलबर्न येथील खेळी संघ संकटात असताना झाल्या, ही बाब केवळ सरासरीवरून लक्षात येत नाही.

कर्णधार म्हणून ते मितभाषी होते. गोलंदाजांना स्वतःचे क्षेत्ररक्षण ठरवू देणे आणि नवोदितांवर विश्वास टाकणे ही त्यांची पद्धत सहकाऱ्यांनी वाखाणली आहे. सहाच सामन्यांवरून नेतृत्वाचा अंतिम निवाडा करता येत नाही. परंतु त्यांपैकी एकही सामना भारत हरला नाही, ही नोंद कायम आहे.

मुंबईच्या क्रिकेटचे केंद्र दीर्घकाळ दादर, हिंदू कॉलनी, शिवाजी पार्क या परिसरात होते. रहाणे, पालघरचे शार्दूल ठाकूर आणि जुलै २०२४ मध्ये भारताकडून पदार्पण केलेले कल्याणचे तुषार देशपांडे यांच्या कारकिर्दी हे केंद्र रेल्वेमार्गाने उत्तरेकडे व पूर्वेकडे सरकल्याच्या निदर्शक आहेत.

पुरस्कार आणि वैयक्तिक जीवन

केंद्र शासनाने रहाणे यांना २०१६ सालचा अर्जुन पुरस्कार दिला. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांचा विवाह राधिका धोपावकर यांच्याशी झाला.

आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचा गोषवारा

कसोटी (२०१३-२०२३) : सामने ८५, धावा ५,०७७, सरासरी ३८.४६, शतके १२, अर्धशतके २६, सर्वोच्च १८८, झेल १०२.

एकदिवसीय (२०११-२०१८) : सामने ९०, धावा २,९६२, सरासरी ३५.२६, शतके ३, अर्धशतके २४, सर्वोच्च १११.

ट्वेंटी-२० (२०११-२०१६) : सामने २०, धावा ३७५, अर्धशतक १, सर्वोच्च ६१.

कसोटी कर्णधार : सामने ६, विजय ४, अनिर्णित २, पराभव ०.